मोडीत न घालायचं पितळ : लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह

मुलाकडे नाहीतर मुलीकडे लंडनला जाणाऱ्या आपल्या लोकांची बघायच्या ठिकाणांची यादी ठरलेली असते. राजवाडा, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ आणि कोहिनूरसमोर उभं राहून हळहळणं. त्या यादीत इम्पीरियल वॉर म्युझियम घाला, असं मी ज्याला त्याला सांगते. मात्र तिथे जाऊन फक्त तोफा आणि विमानं बघून परत येऊ नका. निघायच्या आधी घरी बसून त्यांच्या संकेतस्थळावरचा संग्रह धुंडाळा. लंडनला जायचंच नसेल तरी धुंडाळा, त्याला तिकीट लागत नाही आणि व्हिसाही लागत नाही. दालनांत काचेमागे मांडलेलं आहे तो त्यांच्या साठ्याचा अगदी लहानसा भाग आहे. बाकीच्या लाखो वस्तू, कागद, छायाचित्रं कोठारांत आहेत, आणि त्यातलं बरंच काही पुण्यात बसून बघता येतं.

मी पुण्याच्या तांबट आळीतली. आमच्याकडे मठारकाम, म्हणजे भांड्यांवर हातोडीने ठोके देण्याचं काम, करणारी शेवटची पिढी म्हणजे आमचे मामंजी. त्यांच्या मागे दुकान राहिलं, आणि दुकानात मोडीची भांडी जोखायचा काटा माझ्याकडे आला. इतकी वर्षं त्या काट्याशी बसून मला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे धातू ओळखणं. पत्रा किती जाड, ठसा हाताचा की यंत्राचा, झाळ कुठे दिली आहे, मुलामा कुठे उडाला आहे. म्हणून हे परीक्षण इतिहासाच्या प्राध्यापकाचं नाही. युद्धातल्या वस्तूंकडे मी आधी वस्तू म्हणून बघते, युद्ध त्याच्या मागून येतं.

इमारतीबद्दल थोडक्यात. लॅम्बेथ रोडवर, एका बागेत, घुमटाची मोठी वास्तू आहे. पूर्वी इथे बेथलेम हे मनोरुग्णांचं रुग्णालय होतं, म्युझियम इथे १९३६ साली आलं. संस्था त्याच्याही आधीची, १९१७ सालची. म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असतानाच त्या युद्धातल्या वस्तू जमवायला सुरुवात झाली होती. दारासमोर युद्धनौकांवरच्या १५ इंची दोन प्रचंड तोफा आहेत, सगळे तिथे फोटो काढतात. आत शिरलं की डोक्यावर स्पिटफायर हे लढाऊ विमान लटकतंय, शेजारी जर्मनांचं व्ही-२ रॉकेट उभं आहे. पहिल्या महायुद्धाच्या दालनात खंदक उभा केला आहे, त्यावर सॉपविथ कॅमल विमान आणि कडेला रणगाडा. लहान मुलं रमतात, मोठी माणसं गप्प होतात. दालनं उत्तम आहेत, प्रवेश फुकट आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी सरळ संग्रहाकडे वळते.

संकेतस्थळावर संग्रहात शोधायची चौकट आहे. शब्द घालायचा, मग वस्तू, छायाचित्र, चित्रफीत, ध्वनिमुद्रण, कागदपत्रं असे भाग पाडून बघायचं. प्रत्येक गोष्टीला नोंदणी क्रमांक असतो आणि त्याच्या आधीच्या अक्षरांवरून ती कुठल्या खान्यातली ते कळतं. ‘ई पी एच’ म्हणजे आठवणीच्या आणि रोजच्या वापरातल्या वस्तू, ‘ओ एम डी’ म्हणजे पदकं, ‘यू एन आय’ म्हणजे गणवेश, ‘क्यू’ म्हणजे पहिल्या महायुद्धातली छायाचित्रं. ही अक्षरं एकदा अंगवळणी पडली की शोध झपाट्याने होतो. मी ‘ई पी एच’ मध्ये शिरले आणि तिथून बाहेर निघायला मला बऱ्याच संध्याकाळी लागल्या. सिगारेटच्या डब्या, काडेपेट्यांची धातूची आवरणं, तोफगोळ्याच्या पितळी नळ्यांना ठोकून केलेल्या फुलदाण्या. त्या फुलदाण्यांवर तर मी स्वतंत्र लिहू शकेन. काहींवरचं ठोककाम इतकं सुबक आहे की करणारा शिपाई घरी परतल्यावर नक्की याच धंद्यात असणार.

पण मला थांबवलं ते एका पितळी डबीने. शोधायचं असेल तर इंग्रजीत ‘प्रिन्सेस मेरी गिफ्ट फंड’ असं घाला.

१९१४ च्या नाताळासाठी, इंग्लंडच्या राजाची १७ वर्षांची मुलगी मेरी हिच्या नावाने वर्गणी काढली गेली. आघाडीवरच्या प्रत्येक खलाशाला आणि शिपायाला भेट पाठवायची, असं ठरलं. वर्गणी १ लाख ६२ हजार पौंडांच्या वर गेली. मग बेत वाढत गेला आणि त्या नाताळच्या दिवशी राजाचा गणवेश अंगावर असलेल्या प्रत्येकाला डबी द्यायची असं झालं. होता होता २६ लाखांच्या वर डब्या वाटल्या गेल्या, त्यातल्या कित्येक तर युद्ध संपल्यावर.

डबी अंदाजे साडेबारा सेंटीमीटर लांब, आठ रुंद, तीन उंच. झाकणाला मागे बिजागरी. झाकणावर मधोमध राजकन्येचा डावीकडे बघणारा चेहरा, भोवती पानांचं कडं, दोन्ही बाजूंना ‘एम’ अक्षराची गुंफण. वरच्या कडेला लॅटिनमध्ये ब्रिटिश साम्राज्याचं नाव, त्याच्या एका बाजूला सरळ तलवार आणि दुसऱ्या बाजूला वाकडी. खालच्या कडेला ‘ख्रिसमस १९१४’ आणि समुद्र कापत येणाऱ्या दोन युद्धनौकांची तोंडं. कोपऱ्यांत आणि कडांना दोस्तराष्ट्रांची नावं: बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो, सर्बिया, फ्रान्स, रशिया. एवढं सगळं तळहाताएवढ्या पत्र्यावर. म्युझियमच्या छायाचित्रांत झाकण मोठं करून बघता येतं, आणि तसं बघाच. ठसा यंत्राच्या दाबाने उठवलेला आहे, म्हणून सगळीकडे उठाव सारखा. तरी नाक, कपाळ, नौकेचं टोक हे उंच भाग झिजून गुळगुळीत झालेले दिसतात. खिशात, पिशवीत, हातात फिरलेली डबी आणि कपाटात राहिलेली डबी यांतला फरक तिथे कळतो.

नोंदींतला इतिहास वाचताना तर मी खुर्चीत पुढे सरकून बसले. कारण अडचण पितळेची होती. युद्धात पितळ तोफगोळ्यांना लागतं, डब्यांना कुठून आणणार? म्हणून अमेरिकेतून पत्रा मागवला. त्यातला मोठा साठा लुसितानिया जहाजावर होता. जर्मन पाणबुडीने ७ मे १९१५ रोजी ते जहाज बुडवलं आणि हजार-बाराशे माणसांबरोबर ते पितळही आयर्लंडजवळच्या समुद्रात गेलं. नंतरच्या डब्यांचा धातू उतरत गेला. सुरुवातीच्या डब्या चांगल्या पितळेच्या, नंतरच्या हलक्या मिश्रधातूवर मुलामा दिलेल्या. दोन नोंदी शेजारी उघडून ठेवल्या की माझ्यासारखीला हे छायाचित्रावरूनही कळतं. अस्सल पितळ झिजलं तरी पिवळंच राहतं, मुलाम्याच्या डबीची कड करडी पडते.

आता आतलं सामान. इथे आपला संबंध येतो. इंग्रज शिपायाला एक औंस तंबाखू, २० सिगारेटी, पाइप, लायटर, नाताळचं कार्ड आणि राजकन्येचं छायाचित्र. न ओढणाऱ्याला आंबट-गोड वड्या आणि लिहायचं सामान. हिंदी फौजेसाठी समितीने वेगळी यादी केली होती. गुरख्यांना इंग्रजांसारखंच. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून डबीत खडीसाखर, सोबत मसाल्यांची वेगळी डबी आणि कार्ड. बाकीच्या हिंदी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर, मसाल्यांची डबी आणि कार्ड. आणि भिस्ती? पखालीतून पाणी वाहणारे आणि फौजेबरोबरचे बाकीचे कामकरी या सगळ्यांना ‘भिस्ती’ या एका नावाखाली घातलं होतं. त्यांना मसाल्यांची पत्र्याची डबी आणि कार्ड. राजकन्येचा चेहरा असलेली पितळी डबी त्यांच्या वाट्याला नाही.

शिखांना तंबाखू चालत नाही हे लक्षात ठेवणाऱ्या माणसांनी यादी काळजीने केली होती, हे मी मान्य करते. फ्रान्सच्या चिखलात, डिसेंबरच्या थंडीत, मसाल्याची डबी उघडल्यावर त्या पोरांना घरच्या चुलीची आठवण आली असेल. पण त्याच यादीत पाणी वाहणाऱ्याला एक पायरी खाली ठेवलं आहे, आणि ती पायरी धातूची आहे. माझ्यासारख्या बाईला ते पटकन दिसतं, कारण कुणाला पितळ द्यायचं आणि कुणाला पत्र्याचं, हा हिशोब आमच्या धंद्यात लग्नाच्या आहेरात रोज चालतो.

अशी एक डबी मी हातात घेतलेली आहे. मुळशीकडचे एक म्हातारे आजोबा सुनेला घेऊन मोड द्यायला आले होते. दोन हंडे, एक फुटका तपेला आणि त्यात ही डबी. मी ती काट्यावर टाकणार तोच मामंजींनी हात पुढे केला.

“पाव्हणं, ही कुणाची?”

“चुलत्याची. जर्मनच्या लढाईत व्हता. खडकीच्या पलटणीत.”

“मग ही मोडीत नाही घालायची. घरी न्या.”

“घरी कोण इचारतंय तिला? आन् पैसं?”

“हंड्यांचे देतो की चोख. ही न्या.”

मी ती परत देण्याआधी उघडून बघितली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला चुन्याचा पांढरा थर, बोटाने लावून लावून घट्ट झालेला. एका कोपऱ्यात तंबाखूचा तपकिरी डाग. बिजागरीची तार मूळची नव्हती, कुणीतरी जाड तार घालून ती पुन्हा बसवली होती आणि टोकं आत वळवली होती. म्हणजे ती डबी शोभेला ठेवलेली नव्हती, रोज उघडली-मिटली गेली होती. त्या वेळी मला ती काय आहे हे माहीत नव्हतं, ‘राणीचा डबा’ एवढंच कळलं. म्युझियमच्या नोंदी वाचताना सगळं जुळलं. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे पूल-रस्ते-खंदक बांधणाऱ्या लष्करी पलटणीच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या १९१४ च्या शरदात फ्रान्समध्ये पोचल्या होत्या. २८ ऑक्टोबरला न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात त्या पायदळासारख्या लढल्या आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा घायाळ झाले. आजोबांचा चुलता त्यांतला होता की दुसऱ्या कुठल्या तुकडीतला, ते मी विचारलं नव्हतं. पण त्या नाताळला गणवेशात असलेल्या माणसाची डबी ती होती, एवढं पक्कं.

म्युझियमच्या संग्रहाचं मोल मला इथे वाटतं. वस्तू कुणी काढली, कुणी घडवली, किती केल्या, आत काय भरलं, हे सगळं तिथे नीट लिहिलेलं मिळतं. मी पाहिलेल्या डब्या मात्र बहुतेक स्वच्छ आहेत. चुना लागलेली डबी मला तिथे सापडली नाही. ती अर्धी गोष्ट आपल्याकडे, माळ्यावर आणि मोडीच्या पोत्यांत आहे.

पुढची वस्तू बघाच: पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या नातेवाइकांना दिलेली ब्राँझची गोल तबकडी. व्यास १२ सेंटीमीटर, म्हणजे लहान ताटलीएवढी, हातात जड. तिच्यावर ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी ब्रिटानिया उभी आहे, शेजारी सिंह, दोन डॉल्फिन, आणि कडेने इंग्रजीत लिहिलंय की तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. नमुन्यासाठी स्पर्धा ठेवली होती, ८०० च्या वर लोकांनी भाग घेतला, लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराचा नमुना निवडला गेला. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास तबकड्या झाल्या. इंग्लंडात लोक तिला ‘मेलेल्याचा पैसा’ म्हणत.

नावाची चौकट मोठी करून बघा. अक्षरं कोरलेली नाहीत, ओतीव आहेत, पृष्ठभागातून वर उठलेली. कोरणं सोपं असतं. तबकडी तयार ठेवायची आणि नंतर नाव खणायचं. ओतायचं म्हणजे प्रत्येक मेलेल्या माणसासाठी साच्यात त्याचं नाव वेगळं उठवायला हवं. साडेतेरा लाख वेळा हे केलं गेलं. आणि नावाच्या आधी हुद्दा नाही. जनरल असो की शिपाई, तबकडीवर फक्त नाव. हे ठरवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटला. आपल्या हिंदी शिपायांच्या घरीही या तबकड्या आल्या. साताऱ्याकडच्या गावांत, कोकणात त्या अजून निघतात. कुणाकडे भिंतीवर, कुणाकडे देव्हाऱ्याजवळ.

पदकांच्या खान्यात माझा बराच वेळ गेला तो कडांवर. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटरचं, चांदीचं. त्याच्या कडेवर, जिथे आपण नाण्याचे दाते बघतो तिथे, बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन फिरवत फिरवत वाचायचं. घरात असं पदक असेल तर पणजोबांच्या शोधाला लागणारं जवळजवळ सगळं त्या कडेवर आहे. हेच पदक मजूर तुकड्यांतल्या आणि फौजेबरोबरच्या कामकऱ्यांसाठी ब्राँझमध्ये काढलं, सुमारे १ लाख १० हजार. चित्र तेच, राजा तोच, धातू उतरला. डबीसारखीच पायरी पुन्हा इथे. मोडीत चांदीची किंमत येते, ब्राँझची येत नाही. म्हणून आपल्याकडे चांदीची पदकं वितळून पैंजण-वाळे झाले आणि ब्राँझची टिकली, असं मामंजी सांगत. सराफाच्या मुशीत गेलेलं नाव पुन्हा मिळत नाही.

छायाचित्रांसाठी शोधताना एक सांगते. ‘मराठा’ हा शब्द आत्ताच्या स्पेलिंगने घातलात तर थोडंच मिळेल. जुन्या पद्धतीने एम, ए, एच, आर, ए, डबल टी, ए असं घाला. ‘पूना’, ‘किर्की’, ‘बॉम्बे’ हेही जुन्या स्पेलिंगनेच. मराठा पलटणीचा क्रमांक माहीत असेल तर तोच घाला: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी कूतच्या वेढ्यात होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावरचं हे गाव. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी वेढून धरलं. शेवटी घोड्यांचं मांस खायची पाळी आली, आणि धर्मामुळे कित्येक हिंदी शिपाई ते खाईनात. विमानांतून धान्याची पोती टाकली, धान्य दळायला जात्याच्या तळ्या टाकल्या. पुरेसं झालं नाही. सुमारे १३ हजार माणसं शरण गेली.

त्या वेढ्यातून जगलेल्या एका हिंदी शिपायाचं छायाचित्र म्युझियमकडे आहे. मी त्याचं जास्त वर्णन करणार नाही. बरगड्या मोजता येतात, मांडी मनगटाएवढी आहे, आणि तो कॅमेऱ्याकडे बघतोय. नोंदीत लिहिलंय की हा कूतच्या वेढ्यातून वाचलेला हिंदी शिपाई. नाव नाही. कुठल्या गावचा, कुठल्या पलटणीचा, काही नाही. माझी मुलगी शेजारी बसून वाचून दाखवत होती, ती तिथे थांबली. मला राग आला तो छायाचित्रकाराचा नाही, काळाचा आला. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाचंही असंच. ४० हजारांच्या वर माणसांची आठवण म्हणून ते उभारलं, पण त्यात साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, नुसते आकडे कोरले. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या अहवालात ही विषमता उघडपणे मान्य केली. साडेतेरा लाख नावं ब्राँझमध्ये ओतणारं राज्य तेच, आणि आकड्यांवर भागवणारंही तेच. दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी समोर येतात, म्हणून या संग्रहाला मी मानते.

छायाचित्रांत दुःखच आहे असं नाही. एरियल व्हार्जेस या सरकारी छायाचित्रकाराने १९१७-१८ मध्ये मेसोपोटेमियात खूप काम केलं. नदी, होड्या, छावण्या, रूळ टाकणारे हात. अशा चित्रांत मी भांडी शोधते. स्वयंपाक करणाऱ्या हिंदी शिपायांची चित्रं मोठी करून परात कुठली, पातेल्याला कल्हई आहे का, हे बघण्यात मला फार आनंद मिळतो. ज्याला शेती कळते त्याने बैल बघावेत, ज्याला शिवण कळतं त्याने गणवेशाच्या शिलाया बघाव्यात. प्रत्येकाला आपापल्या धंद्याचं काही ना काही तिथे मिळेल.

भित्तिपत्रकांतलं एक सांगण्यासारखं. भरतीसाठी काढलेल्या उर्दू पत्रकात शिपाई नाहीच. नुसता गणवेश, बंदूक आणि पैसे काढलेत, आणि प्रश्न विचारलाय की हे कोण घेणार? जो ताबडतोब भरती होईल तो. दुष्काळी भागातल्या पोराने ते बघितलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, ते मला कुणी सांगायला नको. ध्वनिमुद्रणांचा साठाही मोठा आहे आणि पुष्कळशी घरबसल्या ऐकता येतात, पण ती मुख्यतः इंग्रजीत, आणि हिंदी फौजेबद्दल बोलणारे बरेचसे इंग्रज अधिकारी. मी थोडंफार ऐकून सोडून दिलं.

कागदपत्रं, खाजगी पत्रं, रोजनिशी बघायच्या असतील तर म्युझियमच्या संशोधन कक्षात आधी वेळ ठरवून जावं लागतं. काय बघायचं ते क्रमांकासह आधी कळवायचं. कोठारं दूर असतात, त्यामुळे आयत्या वेळी काही मिळत नाही. अशा कक्षात पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. मी मुलीबरोबर गेले. बोलणं हळू, कागद उलटणं त्याहून हळू. कूतच्या आघाडीवरच्या अधिकाऱ्याची रोजनिशी मुलगी वाचत होती आणि मी तिच्या कडेला लागलेला पाण्याचा डाग बघत होते. लहान मुलांना घेऊन जायची ही जागा नव्हे, त्यांना खाली खंदकात सोडा.

उणीव म्हणाल तर, सगळ्या नोंदींना छायाचित्र नाही, आणि काहींचं वर्णन दोन ओळींत संपतं. सगळं इंग्रजीत आहे, म्हणजे घरातल्या शाळकरी नातवंडाला शेजारी बसवावं लागतं. मला तर तेही चांगलंच वाटतं. नातवंडाला पणजोबांची पलटण कळते. छायाचित्रं बिनव्यापारी कामासाठी, म्युझियमचं नाव देऊन, वापरता येतात. गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत लावायला याहून चांगलं काय? साताऱ्याच्या अपशिंगे गावातली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली. अशा गावांनी तर हा संग्रह पडद्यावर लावून एकत्र बघायला हवा.

आता घरी डबी, तबकडी, पदक असणाऱ्यांसाठी, माझ्या धंद्यातून सांगते. चिंच-मीठ लावू नका. दिवाळीच्या आधी पितळ घासायची आपली सवय चांगली, पण ती ताटा-तांब्यांसाठी. ठशाचे उंच भाग आधीच झिजलेले असतात, एका घासण्यात राजकन्येचं नाक जातं आणि दहा घासण्यांत पदकाच्या कडेवरचं नाव. पावडर नको, लिंबू नको, मुलाम्याच्या डबीला तर ओलं फडकंही नको. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपा. आत चुना असेल, तंबाखूचा डाग असेल, तर राहू द्या, तोच त्या माणसाचा हात आहे. पदकाची फीत धुवू नका. प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, धातू हिरवा पडतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी टाकून ठेवा. आणि कडेवरचं नाव-क्रमांक एका कागदावर उतरवून, ही कुणाची, त्यांचं तुमच्याशी नातं काय, गाव कोणतं, हे मराठीत लिहून तो कागद वस्तूसोबत ठेवा. म्युझियमच्या नोंदींत मला जे सापडलं नाही ते त्या कागदावर असेल. आणि मोडीच्या काट्यावर बसणाऱ्या माझ्या धंद्यातल्या सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे. कडेवर इंग्रजी अक्षरं असलेलं गोल काही आलं, किंवा बाईचा चेहरा असलेली डबी आली, तर वजन करायच्या आधी घरच्यांना एकदा विचारा.

जायचं असेल त्यांच्यासाठी: भुयारी रेल्वेचं जवळचं स्टेशन लॅम्बेथ नॉर्थ, बेकरलू मार्गावर. एलिफंट अँड कॅसलवरूनही चालत येता येतं. म्युझियम सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडं असतं, नाताळचे २४ ते २६ डिसेंबर सोडून. प्रवेशाला पैसे नाहीत. गर्दी नको असेल तर दार उघडतानाच पोचा आणि आधी पहिल्या महायुद्धाचं दालन करा, विमानं कुठे जात नाहीत. संशोधन कक्षाची वेळ मात्र लंडनचं तिकीट काढल्यावर लगेच मागून ठेवा, म्हणजे हव्या त्या वस्तूंचे क्रमांक शोधायला हाताशी वेळ राहतो.